लंकेचं तूप आणि घरचा भाव

रागू, काल तुझं तेरावं झालं. पंगतीत सगळे तुझी स्तुती करत होते. किती शांत माणूस, किती समजूतदार, कधी कोणाला वर तोंड करून बोलला नाही म्हणे. मी वांग्याची रसवांगी वाढत वाढत ऐकत होते आणि मला कळेना, ही माणसं नक्की कोणाच्या तेराव्याला आली आहेत. माझ्याशी तर तू गेली कित्येक वर्षं भांडतच आलास. इस्पितळात नाकात नळी असतानासुद्धा गप्प बसला नाहीस. नर्स म्हणत होती, बोलू नका. तू माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालास, "अक्का, करार मोडा म्हणून तूच ओरडत होतीस ना? आता भोग." हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. जाता जाता सख्ख्या बहिणीशी असं बोलतं का कोणी?

हे मी मराठीत लिहितेय, कारण भांडण आपण नेहमी मराठीतच केलं. आपल्या घरात हिशेब तमिळमध्ये, सरकारी कामं इंग्रजीत आणि भांडणं मराठीत. तुझ्या मुलीला बोललेलं सगळं कळतं, पण ही अक्षरं येत नाहीत. त्यामुळे ती हे वाचणार नाही, याचं मला बरंच वाटतंय.

आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे नंतर मोकळेपणानं रागावता येईल. अप्पा गेले तेव्हा मी नवऱ्यामागे माहेरी परत आलेली बाई होते. तेलाची गिरणी मुलाकडे जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मामा लोक बसले होते, कागद तयार होता. तू बी.कॉम. झालेला, घरात एकुलता एक मुलगा. आणि तू म्हणालास, "गिरणी अक्काला द्या. तिला शेंग हातात घेतली की कळतं किती तेल निघेल. मला शेंग फक्त खायची कळते." मामा हसले, त्यांना वाटलं तू थट्टा करतोयस. तू सही करून उठलास. त्या गिरणीनं मला अन्न दिलं, आणि मान वर करून गावात फिरायची हिंमत दिली. ती तू दिलीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तू लगेच आढ्यतेनं हसला असतास.

आणि मग तूच ती बुडवलीस. हेही तेवढंच खरं आहे.

आपल्या तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत पाच घरांचा घरचा भाव होता, हे बाहेरच्या कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आजोबांच्या वेळी ठरलेलं. पाच मराठी घरं, प्रत्येकाचा धंदा वेगळा. आपलं तेल, काशीमामांची पितळेची भांडी आणि दिवे, एका घरात दुभती जनावरं, एक कापडाचं दुकान, एक छापखाना. या पाचांनी एकमेकांना माल द्यायचा तो जेवढ्याला पडला तेवढ्यालाच, वर एक पैसा घ्यायचा नाही. आणि त्या बदल्यात अट एकच: जी वस्तू पाचांत मिळते ती बाहेरून घ्यायची नाही, बाहेर कितीही स्वस्त असो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाची घरं एका ठिकाणी जेवायची, आणि ताकभात वाढला की प्रत्येकानं आपला त्या वर्षीचा भाव सांगायचा. कोणाला यातून बाहेर पडायचं असेल तर त्यानंही तिथंच, ताकभातावर, सगळ्यांसमोर सांगायचं. आजोबांपासून कोणी सांगितलं नव्हतं.

तू मुरुक्कूचा, म्हणजे चकलीचा, कारखाना काढलास तो छापखान्याच्या जागेवर. छापखाना बंद पडला होता, त्या घराची जागा तू घेतलीस, पाचवं घर म्हणून. मुरुक्कू, ओमपोडीची शेव, मैसूरपाक. गल्लीतल्या आणि पलीकडच्या वस्तीतल्या बायका कामाला. तेल माझं, घरच्या भावानं. सुरुवातीला काय दिवस होते ते. सकाळी गिरणीतून डबे निघायचे ते हातगाडीवरून तुझ्याकडे, आणि दुपारी तुझ्याकडून पहिल्या घाण्यातला मुरुक्कू माझ्याकडे यायचा, मोडका, कारण चांगला विकायचा. मी म्हणायचे, बहिणीला मोडका देतोस? तू म्हणायचास, तुला दात कुठे आहेत अख्खा चावायला? माझे तेव्हा सगळे दात शाबूत होते.

मग दिल्लीनं दारं उघडली. आधी सगळ्या जगाला थोडी थोडी, आणि मग लंकेला सताड. करार झाला, तिकडचा माल इकडे जकातीशिवाय येणार आणि इकडचा तिकडे जाणार. वर्तमानपत्रात आलं तेव्हा मला वाटलं, लंकेचं काय येणार, चहा आणि मिरी. आलं काय, तर वनस्पती तूप. डब्यांवर डबे. लंकेत तरी कुठे एवढं तेल पिकतं? मलेशियाचं पामतेल तिथं न्यायचं, थिजवायचं, डब्यात भरायचं, की झालं लंकेचं तूप, आणि जकात माफ. माझी शेंग पट्टुकोट्टैच्या बाजूच्या शेतकऱ्याकडून यायची, घाण्यावर चढायची, मजूर, वीज, पेंडीचं गिऱ्हाईक, सगळं धरून मी जो भाव सांगायचे त्याच्या कितीतरी खाली तो डबा तंजावूरच्या बाजारात उतरायचा.

तू गिरणीत आलास तेव्हा मी पोती मोजून घेत होते. तू आल्या आल्या शेंगा सोलत बसलास, तेव्हाच मला समजलं. म्हणालास, "अक्का, कुंभकोणम आणि तिरुच्चीचे लोक लंकेच्या तुपात तळतात. माझं पाकीट त्यांच्या पाकिटापेक्षा महाग पडतं. दुकानदार घेत नाहीत."

मी म्हणाले, "मग त्यांना सांग, हे शेंगदाण्याचं आहे."

"सांगतो. ते म्हणतात, गिऱ्हाईक पाकिटावरचा आकडा वाचतं, तेल कोणतं ते नाही."

"म्हणजे तू काय करणार?"

"दसरा येऊ दे," म्हणालास, आणि शेंगेची टरफलं तिथंच टाकून गेलास.

दसऱ्याचं जेवण त्या वर्षी काशीमामांकडे होतं. डांगर पचडी, सुरळी पोळी, सगळं साग्रसंगीत. ताकभात वाढला. मी माझा भाव सांगितला, होता तसा. आणि तू पानावर हात धरून म्हणालास, "मी घरच्या भावातून बाहेर पडतो." काशीमामांनी लोणच्याची बरणी पुढे सरकवली, जणू तू लोणचंच मागितलं होतंस. मी पानावरून उठले. भरल्या पानावरून उठायचं नसतं हे मलाही माहीत आहे, पण मी उठले. तू पूर्ण जेवलास, वर आणखी ताक मागून घेतलंस, हे मला तुझ्या बायकोनं, कमलानं, नंतर सांगितलं.

तुझं पाहून कापडवाल्यांनी पुढच्या दसऱ्याला तेच केलं. त्यांच्या सुनेला स्वस्त डबा हवा होता. तू एक वीट काढलीस आणि मग प्रत्येकाला आपापली वीट काढता आली.

आणि तरी शनिवारी सकाळी तू गिरणीत यायचासच. अभ्यंगाला तिळाचं तेल न्यायला. कारखान्यात लंकेचं तूप, गावाच्या पोटात लंकेचं तूप, आणि तुझ्या डोक्याला मात्र माझंच तेल. मी एकदा फुकट ने म्हटलं तर तू दुकानाचा भाव मोजून ठेवलास. "घरचा भाव सोडला म्हणजे सोडला," म्हणालास. मला तो तुझा खरेपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. मला तो माज वाटला.

मी काय गप्प बसणारी होते? व्यापारी संघाच्या सभेत मी ठराव आणला. सरकारनं या करारातून बाहेर पडावं. तेलवाले, शेंगवाले, सगळे माझ्या बाजूनं. मी बोलले, लंका आपल्याला स्वतःचं काही विकत नाही, दुसऱ्याचं तेल आपल्या दारातून आत ढकलते. शेतकरी शेंग लावायची सोडून देतील, मग एकदा घाणे बंद पडले की तोच लंकेवाला भाव वाढवेल आणि तेव्हा तुमच्याकडे काही नसेल. टाळ्या पडल्या. आणि मागून तू उठलास. बाकी सगळे खुर्चीवर बसून बोलायचे, तुला उभं राहून बोलायची खोड.

"अक्का म्हणते ते तेलाचं खरं आहे," म्हणालास. "पण काशीमामांचे दिवे कोलंबोला जातात ते याच कराराखाली जातात. तिकडच्या देवळांना, लग्नांना. करार मोडला की ते पण बंद. माझ्याकडे ज्या बायका काम करतात त्यांची घरं या स्वस्त तुपावर चालतात. तुम्हाला फक्त जे बंद पडलं ते दिसतं, कारण ते गल्लीत आहे. जे चाललंय ते दिसत नाही."

आणि मग तुला जे बोलायचंच होतं ते बोललास. "माझी बहीण मला म्हणते, घरचा भाव सोडू नकोस, बाहेर स्वस्त मिळालं तरी घरचंच घे. आणि देशाला म्हणते, शेजाऱ्याशी केलेला करार सोड. आता हिला सोबत राहायचंय की बाहेर पडायचंय, हे तिनंच सांगावं."

सभा हसली. मीही काही मुकी नव्हते. मी म्हणाले, "आणि हा दिल्लीला सांगतो, करार पाळा, शब्द मोडू नका. स्वतः मात्र ताकभातावर घर मोडून आलाय." सभा पुन्हा हसली. ठराव पडला, कारण दिवेवाले, भांडीवाले, हॉटेलवाले सगळे तुझ्या बाजूनं गेले. घरी येताना आपण एकाच रिक्षात होतो. तू भाडं दिलंस. दोघं दोन बाजूंना बघत बसलो. रिक्षावाल्याला वाटलं असेल, घरात कोणी गेलंय.

तुझा तो मुद्दा मी नंतर कितीदा डोक्यात फिरवला असेल, देव जाणे. माझ्याकडे उत्तर होतं, फक्त त्या दिवशी सुचलं नाही. घरच्या भावात माझ्या गिरणीत काय चाललंय ते तुला माहीत असायचं, तुझ्या कढईत काय चाललंय ते मला. तू अडचणीत आलास तर मी भाव पाडायचे, मी आले तर तू थांबायचास. लंकेचा डबेवाला थांबणार होता का माझ्यासाठी? म्हणून ते दोन करार एक नव्हेत. हे उत्तर मी तुला देणार होते. दर शनिवारी वाटायचं, आज देईन. मग तू पैसे मोजायला लागायचास आणि माझं डोकं फिरायचं.

मग दिल्लीनं स्वतःच हात आखडता घेतला. आपल्या गावच्या ठरावाचं दिल्लीला काय पडलंय, मोठमोठ्या कारखानदारांनी ओरड केली असेल. करार राहिला, पण लंकेच्या तुपावर मर्यादा आली. एवढंच येईल, अमक्यांच्या मार्फतच येईल. डबा महाग झाला. मी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी गिरणीतल्या सगळ्यांना जिलबी वाटली. मला वाटलं, आता रागू येईल. शनिवारी नाही, मधल्या वारी, मान खाली घालून, डबे घ्यायला.

तू आला नाहीस. तू चेन्नईच्या बंदरातून थेट मलेशियाचं पामतेल आणायला लागलास. लंकेचं दार जरा लोटलं तर शेजारचं उघडंच होतं, आणि ते मला दिसलंच नव्हतं. तुझं तळण थोडं महाग झालं, काही बायकांना तू कमी केलंस, पण माझ्याकडे परत फिरला नाहीस. कोलंबोचा व्यापारी काशीमामांना म्हणाला, तुमचं सरकार आमचा माल अडवतं, आम्ही तुमचे दिवे का घ्यावे? त्यांची मागणी निम्म्यावर आली. काशीमामा माझ्याशी बोलेनासे झाले. शेंगवाले शेतकरी कधीच उडीद आणि नारळाकडे वळले होते, ते काही माझ्या जिलबीसाठी परत शेंग लावणार नव्हते. मला जे हवं होतं ते झालं, आणि माझ्या घाण्यावर एक जास्तीचं पोतं चढलं नाही.

त्यानंतर तू शनिवारी यायचास तेव्हा जिंकल्यासारखा दिसायचा नाहीस. दमलेला दिसायचास. डब्याला टेकून उभा राहायचास. मी विचारलं असतं, बरं नाही का? विचारलं नाही, कारण आधी तू विचारावंस असं मला वाटत होतं, तुझी गिरणी कशी चाललीय, अक्का. एकदाही विचारलं नाहीस. शेंगेचा घाणा बंद झाला तेव्हाही नाही. पट्टा काढून भिंतीला लावून ठेवला होता, तो तू पाहिलास, आणि तिळाच्या तेलाचे पैसे मोजून ठेवून गेलास.

आता आज सकाळचं सांगते. त्यासाठीच बसलेय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कमला घराबाहेर पडली आणि आधी माझ्याकडे आली. साधी साडी, डोळे सुजलेले. पोत्यावर बसली. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "अक्का, कारखाना मी चालवणार."

मी म्हणाले, "चालव. तुला येतं."

"पामतेलवाला आगाऊ पैसे मागतो. ह्यांच्याशी उधारीवर चालायचा, मला म्हणतो, बाईमाणूस, भरवसा नाही." मग म्हणाली, "मला परत घरच्या भावात घ्या. तेल तुमचंच घेईन. शेंगेचा घाणा सुरू करा. पूर्वीसारखं करू. पाकीट महाग पडलं तर पडू दे, थोडं विकू, चांगलं विकू."

रागू, हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते हे तुला माहीत आहे. तुझ्या तोंडून हवं होतं, तुझ्या बायकोच्या तोंडून आलं. मला एकदम आनंदच झाला, भाऊ गेल्याच्या चौदाव्या दिवशी. मी जाऊन भिंतीला लावलेल्या पट्ट्यावरची धूळसुद्धा झटकली. मग माझ्याच खुर्चीवर बसून हिशेब केला, कारण घरचा भाव सांगायचा तर खरा सांगायला हवा, जेवढ्याला पडलं तेवढा.

शेंग आता लांबून आणायची. घाणा एका गिऱ्हाइकासाठी फिरवायचा. पूर्वी तुझं, कापडवाल्यांचं, हॉटेलांचं, अर्ध्या गावाचं तेल निघायचं तेव्हा मजुरी आणि वीज सगळ्यांत वाटली जायची. आता ती सगळी कमलाच्या एकटीच्या डब्यावर पडणार. माझा घरचा भाव, एक पैसा न मिळवता, बाजारच्या शेंगतेलापेक्षा वर गेला. पामतेलाचं तर नावच नको. मी पुन्हा केला. तेच आलं.

मी तिला खोटा भाव सांगू शकले असते, घरातून भर घालून. वर्षभर चाललं असतं, मग दोघी बुडालो असतो. तिच्याकडे अजून बायका कामाला आहेत. तुझी मुलगी लग्नाची आहे.

मी म्हणाले, "कमला, बाहेरून घे. तिरुच्चीत तेलाचा एक ठोकवाला आहे, मी त्याच्याशी बोलते, तुला उधारी मिळेल. माझ्यापेक्षा स्वस्त पडेल."

ती म्हणाली, "अक्का, हेच तर ते म्हणत होते."

"हो."

"मग ते बरोबर होते?"

मी नाही म्हणाले, रागू. तुझ्या बायकोच्या तोंडावर, ती विधवा होऊन दोन आठवडे झाले नाहीत तर, मी स्पष्ट नाही म्हणाले. तू त्या ताकभातावर बाहेर पडला नसतास तर माझा घाणा आज भरलेला फिरला असता आणि कमलाला द्यायला माझ्याकडे भाव असता. तू बाहेर पडलास म्हणून परत यायला काही उरलं नाही. हे उत्तरही तुला द्यायचं राहिलं, आणि तू मेलास म्हणून काही तू बरोबर ठरत नाहीस.

कमला गेली. मी तिरुच्चीच्या ठोकवाल्याला फोन लावला आणि तुझं नाव सांगितलं, कारण माझ्या नावावर आता त्याच्याकडे उधारी मिळत नाही.